मधलं टेबल

आमच्याकडे लोकांचे दात बनतात. देवही बनवतो, पण तक्रार घ्यायला त्याच्याकडे काउंटर नाही. आमच्याकडे आहे, आणि त्यावर मी बसतो. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, आत त्याची कवळी तयार होते आणि ती डबीत घालून मी परत पाठवतो. कवळी नीट बसली तर कोणी फोन करत नाही. नाही बसली तर दंतवैद्य माझ्याशी अशा आवाजात बोलतात, जणू ती आधी मी स्वतः घालून बघायला हवी होती. माझं नाव मागे पडून बरीच वर्षं झाली. सगळे मला ‘काउंटर’ म्हणतात, आणि हाक ऐकून मी वळतो, म्हणजे आता ते माझंच झालं.

आतली मांडणी अशी. पुढच्या खोलीत थोरला. मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढणं त्याचं काम. मागच्या खोलीत धाकटा. तो साच्यावर मेण चढवणार आणि त्यात एकेक दात लावणार. मग ते पुन्हा थोरल्याकडे. तो मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरणार आणि शिजवणार. दोन खोल्यांच्या मधे एक बोळ, बोळात टेबल, टेबलावर घासायची मोटर आणि मोटरीमागे ताई. शिजलेली कवळी घासून, कडा नीट करून, चकचकीत करणं तिच्याकडे. पण या खोलीतून त्या खोलीत काहीही जायचं असलं तरी ते ताईच्या टेबलावरूनच जायचं. साचेही आणि निरोपही. कारण थोरला आणि धाकटा हे सख्खे भाऊ होते, आणि फक्त सख्ख्या भावांनाच जमतं तितक्या नेटाने ते एकमेकांशी बोलत नव्हते. ताई दोघांचीही मोठी बहीण. ती दोघांशी बोलत होती.

थोरला पुढच्या दारातून डोकं काढायचा. "ताई, त्या शहाण्याला सांग, हा माणसाचा जबडा आहे. घोड्याचा असता तर मी आधी कळवलं असतं."

ताई मोटर बंद करायची, मागच्या दाराशी जायची आणि म्हणायची, "समोरचे दात जरा आत घे."

"त्याला म्हणावं, आधी साच्यातला बुडबुडा बुजव. मुंगी सहकुटुंब राहील त्यात."

ताई परत यायची. "साचा एकदा बघून घे म्हणतोय."

असं दिवसभर. राजदूत म्हणून तिला कुठेही नोकरी लागली असती. फक्त एक गोष्ट मी काउंटरवरून बघत आलो होतो. शिव्या गाळून ती कामाचं तेवढं पुढे द्यायची, हे खरं. पण कधी थोरल्याने मेणातले दात उजेडात धरून "हे मात्र झकास जमलंय, सांग त्याला" म्हटलं, तर ताई "हो" म्हणायची आणि मोटर चालू करायची.

भांडण बाबांच्या कवळीवरून झालेलं. बाबांचे वरचे दात गेले तेव्हा साहजिकच कवळी घरच्या घरी करायची ठरली. थोरल्याने साचा ओतला, धाकट्याने दात लावले, ताईने पॉलिश केलं. ती कवळी घालून बाबा धाकट्याच्या लग्नात व्याह्यांचं स्वागत करायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला वरची कवळी खाली आली. व्याह्यांनी शिष्टाचार म्हणून छताकडे पाहिलं. बाबांनी ती उचलून खिशात टाकली आणि त्यानंतर जगले तोवर तोंडावर हात धरून बोलले. साचा चुकला, असं धाकट्याचं म्हणणं. दात चुकले, असं थोरल्याचं. बाबा गेले, वाद राहिला.

या वादाचा एक फायदा होता, तो मालकांना माहीत होता आणि ते तो कोणाला सांगत नसत. थोरल्याचा साचा हातात आला की धाकटा तो खिडकीशी नेऊन असा फिरवायचा, जसा सराफ दुसऱ्या सराफाचा दागिना फिरवतो. भावाची चूक सापडली तर त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. धाकट्याचं मेणकाम थोरल्याकडे गेलं की तोही भिंग काढून बसायचा. एकमेकांच्या हाती चूक लागू नये म्हणून दोघेही दात खाऊन काम करायचे. आमच्या कवळ्या परत येत नसत. लांबलांबचे दंतवैद्य आमच्याकडे मापं पाठवायचे आणि म्हणायचे, काय माया आहे हो तुमच्या माणसांच्या हातात.

ताईचं तसं म्हटलं तर अवघड होतं. तिला नवरा होता, पण तो दुसऱ्या गावी दुसऱ्या घरात होता. भाड्याची एक खोली आणि बोळातलं हे टेबल, एवढाच तिचा संसार. पॉलिश करणारं कपाटाएवढं यंत्र केव्हाच बाजारात आलं होतं. मालक अधूनमधून त्याचं चित्र बघायचे, उसासा टाकायचे आणि म्हणायचे, "घेतलं असतं. पण ताई गेली तर हे दोघे बोलणार कसे?" हा त्यांचा आवडता विनोद. सगळे हसायचे. ताई हसायची नाही. तिला ते वाक्य विनोद वाटत नव्हतं, नेमणूकपत्र वाटत होतं.

मग मालकांच्या छातीत कळ आली आणि कारभार जावईबापूंकडे आला. समोर त्यांना ‘सर’ म्हणायचं, पाठीमागे जावईबापू. माणूस मूर्ख नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो; मूर्ख असता तर एवढं नुकसान झालं नसतं. त्यांनी समूहाच्या मानसशास्त्राचा एक महागडा अभ्यासक्रम केला होता आणि ते सगळं वापरून बघायला त्यांना आमच्याएवढा लहान आणि मुकाट समूह दुसरा मिळाला नसता.

पहिल्या दिवशी बोळात सगळ्यांना उभं करून ते म्हणाले, "समूह म्हणजे माणसांची बेरीज नसते."

"मग काय सर, वजाबाकी?" थोरल्याने विचारलं.

"गुणाकार," जावईबापू म्हणाले. "पण मधे एक शून्य आलं की संपलं."

शून्याकडे कोणी पाहिलं नाही. ताई हातातल्या कवळीवरून फडकं फिरवत राहिली.

आठवडाभर ते नुसते बघत बसले. मग केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर त्यांनी वर्तुळं काढली, वर्तुळांना बाण जोडले आणि मला बोलावलं.

"काउंटर, काय दिसतंय?"

"जाळं, सर."

"सगळे बाण कुठून जातात?"

"ताईकडून."

"निघतो तसा निरोप पोचत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय? आज सकाळी थोरला म्हणाला, ‘पोराच्या हातात कसब आहे.’ मी कान देऊन उभा होतो. ते वाक्य पलीकडे पोचलंच नाही."

"मोटरीचा आवाज असतो, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं वर्तुळ थोडं लहान केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोळात सगळे उभे. "ज्याच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे," जावईबापू म्हणाले, "त्याच्या खांद्यावर हात ठेवा. विचार करू नका. मनाला येईल तसं."

मी विचार करून जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्याने ताईच्या उजव्या खांद्यावर ठेवला, धाकट्याने डाव्या. तिच्या मानेमागे दोघांची बोटं एकमेकांना लागली आणि दोघांनीही चटका बसल्यासारखी ती आखडली, पण हात काढले नाहीत. ताई दोघांच्या ओझ्याखाली ताठ उभी होती.

"आणि ताई, तुमचा हात?"

"माझे हात पॉलिशचे आहेत, सर. कोणाचे तरी कपडे बिघडतील."

जावईबापूंना हवं ते मिळालं होतं. त्याच दुपारी ताईचं टेबल मोटरीसकट मागच्या भांडारात गेलं, खोक्यांच्या थप्पीमागे. "शिक्षा नाही हं ही," ते म्हणाले, "प्रयोग आहे." धाकट्याचं टेबल थोरल्याच्या खोलीत आणून समोरासमोर लावलं. पॉलिशच्या यंत्राचं चित्र मालकांच्या खणातून निघून जावईबापूंच्या टेबलावर आलं. ताई भांडाराकडे जाताना केबिनच्या काचेशी थबकली. चित्र तिथून दिसत होतं.

पहिले काही दिवस दोघे भाऊ भिंतीशी बोलले. "मी या भिंतीला सांगतोय," थोरला म्हणायचा, "की मेणाचे तुकडे माझ्या प्लास्टरात पडले तर साचा डागाळतो." भिंत काही बोलायची नाही. धाकटा म्हणायचा, "भिंतीला कळतंय की ही धूळ माझ्या मेणात कोण उडवतंय." इतक्या वर्षांनी त्यांच्यातला पहिला थेट शब्द थोरल्याच्या तोंडून पडला, आणि तो "सरक" हा होता. धाकटा सरकला. पण एकदा फट पडली की पुढचं थांबत नाही. "सरक"नंतर "आधी तू सरक", मग "तू कायमच असा", आणि चहाच्या वेळेपर्यंत गाडी बाबांच्या कवळीवर आली.

"तुझा साचा चुकला," धाकटा ओरडला, "आणि बाबा तोंड झाकून गेले!"

"चुकला? मग मी निरोप धाडला तेव्हा शेपूट का घातलीस? म्हटलं होतं, कवळी तुझ्याकडे, साचा माझ्याकडे, घेऊन ये, बसवून बघू. माझं चुकलं असेल तर सगळ्यांसमोर कान पकडतो म्हटलं होतं!"

"कसला निरोप?"

"कसला म्हणजे? बाबा होते तेव्हाच धाडला होता."

"मला असला निरोप मिळाला असता तर मी जेवत्या ताटावरून उठून आलो असतो."

भांडारात मोटर चालू होती. तिचा आवाज खोलीत तेवढा एकच उरला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने रुमालात गुंडाळून बाबांची कवळी आणली. थोरल्याने खणातून साचा काढला. दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच एका टेबलावर आल्या. मी काउंटर सोडून दारात उभा राहिलो. अशा वेळी काउंटरवर बसून राहणारा माणूस मी पाहिलेला नाही. कवळी साच्यावर टेकली. टाळू बरोबर. दात बरोबर, एका रेषेत. फक्त मागची कड जिथपर्यंत जायला हवी, तिथपर्यंत जातच नव्हती. वरच्या कवळीची सगळी पकड त्या कडेवर असते. ती कड कोणीतरी घासून आखूड केली होती, आणि घासल्यावर वरून असं सुरेख पॉलिश मारलं होतं की नुसत्या डोळ्याला कळू नये.

तसं पॉलिश आमच्याकडे एकाच हाताचं होतं.

"दादा," धाकटा म्हणाला. हा शब्द त्याने किती वर्षांत उच्चारला नव्हता कोण जाणे. तोंडात नव्या कवळीसारखा अडखळला. "दादा, तुझं बरोबर होतं."

"तुझंही."

मग दोघे मिळून भांडाराच्या दाराशी गेले. कोणी आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं.

"ताई, ही कड कोणी घासली?"

ताईने मोटर बंद केली. कवळीकडे पाहिलं. "टोचतंय म्हणाले बाबा. पोरांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल, म्हणाले. मी थोडी घासली. जास्त गेली."

"आणि माझा निरोप?"

ताईने मोटर चालू केली.

त्यांनी तिला पुन्हा काही विचारलं नाही. आणि पुन्हा काही सांगितलंही नाही. त्या दिवसापासून अबोला.

नंतर मी एकदा खोकी घ्यायला भांडारात गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "ताई, तेव्हाच सांगून टाकायचंस की."

"कोणाला? तेव्हा दोघे एकमेकांवर रागावलेले होते, माझ्यावर कोणीच नव्हतं," ती म्हणाली. "एवढं चांगलं माझ्या आयुष्यात आधी कधी चाललं नव्हतं, काउंटर."

इकडे पुढच्या खोलीत दोन भावांचं प्रेम ऊतू जात होतं. एका डब्यात जेवायचे. एकमेकांच्या पोरांची नावं घेऊन खोकल्याचं औषध विचारायचे. दोघांच्या बायका इतकी वर्षं चोरून गोडीत बोलत होत्या, त्या आता उघडपणे भांडू लागल्या. जावईबापूंनी दोघांचा गळ्यात हात घातलेला फोटो काढून भिंतीवर लावला आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘संवाद’ असं लिहून घेतलं. दोन भावांना एकत्र आणायला तिसरं माणूस लागतं, आणि ते खोक्यांच्या थप्पीमागे बसलंय, एवढं मात्र फोटोत आलं नव्हतं.

महिन्याभरातच माझा फोन वाजायला लागला.

"तुमची कवळी घातल्यापासून आमचे निवृत्त मास्तर प्रत्येक ‘स’ला शिट्टी मारतात," एक दंतवैद्य म्हणाले. "शेजारचं कुत्रं त्यांच्या मागे फिरतं."

"एक आजी आहेत," दुसरे म्हणाले. "त्या गप्प बसल्या की दात टाळ्या वाजवतात. बोलल्या की थांबतात. घरच्यांची परिस्थिती तुम्ही समजू शकता."

डब्या परत येऊ लागल्या. मी त्या काउंटरवर रचायचो आणि आतून हसण्याचे आवाज ऐकायचो. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. थोरल्याचा साचा हातात आला की धाकटा खिडकीशी न जाता थेट मेण लावायला घ्यायचा. मी एकदा म्हटलं, "बघून घे रे जरा." तर मलाच उलटा म्हणाला, "दादाने केलंय. त्यात काय बघायचं?" थोरल्याचं भिंग खणात गेलं ते गेलंच. "धाकट्याचं काम मी भिंग लावून बघू? मला शोभतं का?" माया होती हो, आता खरोखरच होती. हातात काही नव्हतं.

जावईबापूंनी नियम काढला: प्रत्येकाने दुसऱ्याचं काम तपासायचं आणि ‘तपासलं’ असं मोठ्याने म्हणायचं. दोघेही म्हणू लागले. धाकटा तर साचा हातात यायच्या आधीच म्हणायचा. जावईबापूंनी एक दिवस स्वतः उभं राहून पाहिलं, मग केबिनमध्ये जाऊन फळा पुसला आणि मला बोलावलं. चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत काहीतरी पेटलेलं.

"काउंटर, आपण चुकलो. हा समूह रागावर चालत होता."

"हो, सर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मोटरीचा आवाज—"

"पुरे." त्यांनी दोन वर्तुळं काढली, एकमेकांना चिकटलेली. मग लांब एका कोपऱ्यात तिसरं. मग खडूसारखं ते पेन त्यांनी ओठांवर ठोकलं. "राग संपलेला नाही," ते सावकाश म्हणाले. "राग फक्त सरकलाय."

मी आधी म्हटलंच, माणूस मूर्ख नव्हता.

ते भांडारात गेले आणि एका खोक्यावर बसले. मी सोबत होतो.

"ताई, भाऊ बोलतात तुमच्याशी?"

"नाही."

"वाईट वाटतं?"

"सर, यंत्र कधी येतंय ते सांगा ना एकदा. खोलीमालकाला तसं कळवायला बरं पडेल."

"यंत्र येईल. पॉलिश तेच करेल." ते थांबले. "तुम्ही मधल्या टेबलावर परत बसा. तपासणीला. त्यांची प्रत्येक गोष्ट तुमच्या हाताखालून जाईल. पसंत पडली नाही तर परत पाठवायची. कारण द्यायची गरज नाही."

ताईने मोटरीच्या चाकावरची भुकटी फडक्याने पुसली. "ते माझं ऐकून घेणार नाहीत."

"ऐकून घेऊच नये," जावईबापू म्हणाले. "म्हणून तर तुम्ही."

दोन भावांची टेबलं पुन्हा आपापल्या खोल्यांत गेली. भांडारात पॉलिशचं यंत्र आलं, बोळात टेबल. मोटरीच्या जागी भिंग आणि दिवा. आणि खरं सांगतो, असं काम आमच्याकडे आधी कधीच झालं नव्हतं. ताई साचा दिव्याखाली धरून असा फिरवायची की पुढच्या खोलीत थोरल्याचा श्वास अडकायचा. बुडबुडा दिसला की ती तो साचा पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून द्यायची, न बोलता. थोरला दातओठ खात तो उचलायचा. "हिच्या हातात मी कारण देणार नाही," तो धाकट्याला सांगायचा, धाकटा म्हणायचा, "बघूच आज काय काढते." दोघांचं ऐक्य पोलादी, दोघांचं काम निर्दोष. मास्तरांची शिट्टी थांबली. आजी गप्प बसू लागल्या. दुसऱ्या कुठल्या कारखान्याने जावईबापूंना भाषणाला बोलावलं: ‘समूह समजून घ्या, कामगिरी उंचावा.’ टाळ्या पडल्या म्हणे.

एवढ्यावर सगळं सुरळीत चाललं असतं. पण माणसांचा राग यंत्रासारखा भरवशाचा नसतो, आणि आया म्हाताऱ्या होतात.

एका मंगळवारी थोरला हात धुऊन बोळात आला. साचा नव्हता हातात. ताईच्या टेबलासमोर उभा राहिला. मी पावती लिहीत होतो, ती लिहीतच राहिलो.

"आई विचारते सारखी," तो म्हणाला. "ताई का येत नाही म्हणून. काय सांगायचं तिला?"

ताईने भिंग खाली ठेवलं.

"बाबांनी सांगितलं, तू घासलंस. आम्हाला सांगितलं असतं तर आम्हीही घासलंच असतं." त्याने मान खाली घातली. "निरोपाचं काय ते… जाऊ दे. रविवारी धाकट्याकडे सगळे जमतोय. ये जेवायला. धाकट्यानेच सांगितलंय, मी आपला बोलायला मोठा म्हणून आलो."

"येते," ताई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही.

त्या दुपारी तिच्या टेबलावरून काम झरझर पुढे गेलं. साचे आले, गेले. एकही उंबऱ्यावर गेला नाही. थोरला एकदा बोळातून जाताना तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवून गेला आणि ती हसली. हसताना तिचे दात दिसतात, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. चांगले आहेत. स्वतःचे.

शनिवारी एक डबी परत आली. मंगळवारच्या त्या दुपारी तपासलेलीच होती. ती मी जावईबापूंच्या टेबलावर ठेवली. दुसरीकडे कुठे ठेवायची? त्यांनी साचा मागवला. बुडबुडा होता, मुंगीचा नव्हे, मांजराचा. त्यांनी ताईला बोलावलं आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं, पण बाहेर जायला सांगितलं नाही. माझं वर्तुळ बहुधा मोजत नसावेत.

"ताई, हे तुमच्या नजरेतून सुटलं?"

"सुटलं, सर."

"सुटलं की सोडलं?"

ताईने साचा उलटा ठेवला.

"मला कळलंय तुम्हाला जेवायला बोलावलंय. चांगली गोष्ट आहे. मी काही राक्षस नाही."

"मी कुठे तसं म्हटलं, सर."

"घर घराच्या जागी. तुम्ही जा, जेवा, मी कोण अडवणारा?" त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "पण सोमवारी तुम्ही या टेबलावर प्रेमाने बसलात, तर मला या टेबलाचं काम उरत नाही. पॉलिशला यंत्र आहेच. मी तुम्हाला कुठे बसवू, तुम्हीच सांगा. खरंच सांगा. मला सुचत नाहीये."

त्यांना खरंच सुचत नव्हतं. फळ्यावर त्यांनी प्रयत्न केलेला दिसत होता. तिसरं वर्तुळ चार ठिकाणी काढून चार ठिकाणी पुसलेलं होतं.

"रागावून बसणं मला जमेल का, तेच तुम्ही विचारताय ना?" ताई म्हणाली.

"तुम्हाला नाही. त्यांना."

ती उठून गेली. जाताना दार तिने हळूच लावलं, पॉलिश करणाऱ्या बोटांनी लावतात तसं.

रविवारी ती गेली नाही. हे मला सोमवारी सकाळी थोरल्याच्या तोंडावरून कळलं, पण तो अजून रागावलेला नव्हता. काळजीत होता. "बरं नव्हतं का गं?" त्याने दारातूनच विचारलं. "आईने तुझं ताट वाढून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत कोणाला हलवू देईना."

ताईच्या हातात त्याचा ताजा साचा होता. तिने तो दिव्याखाली धरला, फिरवला, परत फिरवला. माझं काउंटर बोळाच्या तोंडाशीच आहे आणि दिवा चांगला आहे. साच्यात काही नव्हतं. इतका स्वच्छ साचा मी पाहिला नव्हता. सोमवारी सकाळी तो माणूस तिच्यासाठी जीव ओतून आला होता, हे न सांगता कळत होतं. ताईने टेबलावरची टोकदार सुई उचलली, मागच्या कडेच्या जागी टेकवली आणि बोटांत गर्रकन फिरवली. बारीकसा खड्डा पडला. वर आलेली भुकटी तिने फुंकून टाकली आणि साचा उंबऱ्यावर ठेवला.

थोरल्याने तो उचलला. खड्ड्यावर नख फिरवलं. आपलं काम तो ओळखत होता; ओतताना झालेला बुडबुडा आणि मागाहून पाडलेलं भोक यांतला फरक त्याला अंधारातही कळला असता.

"ताई, हा बुडबुडा नव्हता."

"आहे," ताई म्हणाली.

"मी स्वतः—"

"परत ओत."

तो उभाच राहिला. मागच्या दारात धाकटा येऊन थांबला होता, हातात मेणाचा चाकू तसाच. ती काहीतरी पुढे बोलेल, निदान वर बघेल, म्हणून दोघे थांबले असावेत. ती पुढचं मेणकाम भिंगाखाली घेऊन दात मोजत होती.

"तुझी आई," थोरला म्हणाला. ‘आई’ नाही, ‘तुझी आई’. "तिला मी सांगतो काय सांगायचं ते." आणि आत जाऊन त्याने साचा भांड्यात असा आपटला की प्लास्टरचा तुकडा उडून बोळात आला. ताईने तो पायाने बाजूला केला.

नवा साचा दुपारी आला. टेबलावर ठेवताना थोरल्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. ताईने तो दिव्याखाली धरून बराच वेळ बघितला, चारही बाजूंनी, आणि पुढे सरकवला. पहिल्यापेक्षाही सरस होता. माझ्यासारख्यालाही ते कळत होतं. काचेआडून जावईबापूंनी अंगठा वर केला. ताईची पाठ होती तिकडे. अंगठा कोणासाठी होता ते न कळून मीच मान हलवली.